भिगवणचे रोहित आणि पांढऱ्या पिसांचा हिशेब

रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे फोटो काढायला जानेवारीतल्या रविवारी पहाटे चारला पुणे सोडलं आणि साडेसहाला भिगवणजवळच्या कुंभारगावला, उजनी धरणाच्या काठावर पोहोचलो. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि तेव्हा आपण होडीत असायला हवं. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग दूरच्या पक्ष्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, तो पाण्यात विरघळल्यासारखाच येतो. त्यावर कॅमेऱ्यात कुठलंही बटण नाही.

मागच्या वर्षी मी इथूनच चारशे फोटो घेऊन परतलो होतो, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक रोहितांच्या अंगावर पिसंच दिसत नव्हती, नुसता पांढरा डाग. लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते मी ठरवत होतो, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवत होता. उजनीचं पाणी सकाळी गडद दिसतं. कॅमेरा ते गडद पाणी पाहून चित्र उजळवत गेला आणि पांढरे पक्षी जळून गेले. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, काढले असूनही जळलेली पिसं परत आली नाहीत.

या वेळी सगळं मॅन्युअल ठेवलं, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलतासुद्धा. भिगवणसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. काठाजवळ उन्हात उभा असलेला एखादा बगळा शोधा. अतिउजळ भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात चालू करा आणि बगळ्याच्या पाठीवरचं लुकलुकणं जेमतेम थांबेल इतका प्रकाश कमी करा. साडेआठच्या उन्हात माझा आकडा शटर १/२००० सेकंद, छिद्र एफ ७.१, आयएसओ ४०० असा बसला. पक्षी मग पाण्यासमोरून जावो, गवतासमोरून की आकाशासमोरून, त्याच्यावर पडणारं ऊन तेच असतं, म्हणून आकडे बदलायचे नाहीत. ढग आला किंवा ऊन चढलं की मात्र पुन्हा बगळा शोधायचा. गवतात लपणाऱ्या तपकिरी पक्ष्यांसाठी ऑटो आयएसओ चालतो, इथे नको.

उजाडताना एवढा प्रकाश नसतो. तेव्हा १/८००, एफ ६.३ आणि आयएसओ १६०० वर उभे शेकाटे आणि चित्रबलाक हे लांब पायांचे पक्षी नीट आले. त्याहून हळू शटर होडीत धोक्याचं. लेन्समधलं स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या प्रकारावर ठेवा. कोपर होडीच्या काठावर टेकवू नका, इंजिनाची सगळी थरथर लेन्समध्ये येते. जमल्यास होडीच्या तळाशीच बसा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोला वेगळाच जीव येतो.

आमचे होडीवाले मूळचे मच्छीमार. लांबवर पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या रानहंसांचा थवा दिसताच त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. मी जरा पुढे जाऊ या म्हणालो, तर म्हणाले, "दादा, दम धरा. सूर्य पाठीशी घेतो आधी." होडी वळसा घालून गेली आणि पक्ष्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्वच्छ दिसले. प्रकाशाची जाण त्यांना माझ्याहून चांगली होती.

रोहित एकदम उडत नाहीत. आधी माना ताठ होतात, मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो, आणि मग पाण्यावर धावत ते वर उठतात. माना ताठ झाल्या की होडी थांबवायला सांगा. उडतानाचे गुलाबी-काळे पंख हवेत म्हणून थव्यात होडी घालणं मला अजिबात मान्य नाही. खाण्याच्या वेळेत त्यांना उगाच पळवायचं कशाला? थोडं थांबलं तर ते आपणहून उडतात. आम्हाला अर्धा तास लागला. तसंच कुरवांसाठी (सीगल पक्ष्यांसाठी) पाण्यात शेव फेकायला निघालेल्या होडीवाल्यांना आधीच नको म्हणून सांगा.

जाण्यापूर्वी होडीवाल्याला फोन करून पाणी किती ओसरलंय ते विचारा. धरणाचा फुगवटा मागे सरून गाळाची जमीन उघडी पडली की रोहित जमतात. पाऊस लांबला तर पाणीही उशिरा उतरतं. डिसेंबर ते मार्च हा काळ धरून चला. रोख पैसे, कॅमेऱ्यावर टाकायला मोठी प्लास्टिकची पिशवी आणि कानटोपी न्या, पाण्यावर पहाटे बोटं आखडतात. परतल्यावर गावातच चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते, पण होडीत बसण्याआधीच सांगून ठेवावं लागतं.