बी-२७५ ची टाकी आणि वेल्डरचा हट्ट

फेब्रुवारीच्या अखेरीस, गाळप हंगाम संपत आला असताना, माढा तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याने आपला महिंद्राचा जुना बी-२७५ दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून माझ्या गॅरेजवर आणला. तक्रार अशी होती, की रिकामा चालवला तर ट्रॅक्टरला काही होत नाही. पण उसाची ट्रॉली जोडून चढाला लागला, की थोड्याच वेळात डिझेलच्या नळीत हवा शिरल्यासारखा दम टाकून बंद पडतो आणि जरा थांबले की पुन्हा सुरू होतो. फीड पंप नवा बसवून झाला होता, दोन्ही फिल्टर बदलले होते आणि मुख्य डिझेल पंपही खोलून, कॅलिब्रेशन करून आणलेला होता. “मिस्त्री, आता पंपाला हात लावू नका, उसाचा एक हप्ता त्यातच गेलाय,” असे आबांनी उतरल्या उतरल्या सांगितले.

विश्रांती मिळाल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या इंजिनाचे दुखणे सहसा पंपात नसते, कारण पंपातले डिझेल दाबणारे दट्टे, म्हणजे प्लंजर, झिजले की थांबल्याने भरून येत नाहीत. डिझेलच्या टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले तरी नेमके हेच लक्षण दिसते, म्हणून मी आधी ते पाहिले. ते मोकळे होते. मग टाकीच्या तळाच्या कॉकखालचा, म्हणजे तोटीखालचा, पाईप सोडवला आणि कॉक उघडा ठेवून डिझेल कॅनमध्ये पडू दिले. सुरुवातीची भरघोस धार हळूहळू सुतळीएवढी झाली आणि काही मिनिटांतच थेंबांवर आली. या तपासाला एक पाना आणि एक रिकामा कॅन एवढेच लागते. आधी काम केलेल्यांनी तो केला नाही, याचा मला आजही राग येतो. पंप खोलला की बिल होते आणि टाकी तपासली तर होत नाही, याखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

टाकी उतरवून आत बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा सगळा उलगडा झाला. गळती थांबवण्यासाठी कोणीतरी पूर्वी आतून लेप ओतला होता. गंजावर आणि तेलकट पत्र्यावर लेप धरत नाही. त्याचे पापुद्रे सुटून डिझेलमध्ये तरंगत होते. इंजिनावर भार आला आणि डिझेलची ओढ वाढली, की ते वाहत येऊन कॉकच्या जाळीवर बसत आणि ओढ थांबली की बाजूला होत. तळाशी पाणी होते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर वाढणाऱ्या जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर होता. अर्धी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली, की रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी धरते आणि जड असल्यामुळे तळाला जाते. डिझेल पंपाच्या प्लंजरभोवतीची फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि तिथे वंगण म्हणून डिझेलच काम करते. तिथे पाणी पोहोचले असते, तर आबांचा दुसरा हप्ताही गेला असता.

सफाईला वेळ लागला आणि तो मी मुद्दाम दिला. पापुद्रे आकड्याने ओढून काढले, साखळीचे तुकडे आणि थोडे डिझेल घालून टाकी सर्व अंगांनी हलवली, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने तेलकटपणा काढला. हा क्रम कोणी पाळत नाही. तेलाचा थर राहिला, तर आम्ल गंजापर्यंत पोहोचतच नाही. नंतर सायट्रिक ॲसिडचे पाणी रात्रभर ठेवले, सकाळी खाण्याच्या सोड्याने ते मारले आणि टाकी लगेच वाळवली. धुतलेला उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस होतो.

टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखालच्या ओलसर नमद्यामुळे पत्र्याला बारीक छिद्रे पडली होती. आबांनी त्यांत कपड्याचा साबण दाबून दिवस काढले होते. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे शेतात अडल्यावर तो उपाय चांगलाच आहे. ती छिद्रे बुजवायला शेजारचा वेल्डर गॅसची नळी घेऊन आला. “अहो, डिझेलची टाकी आहे, पेट्रोलची थोडीच? आणि धुतलीय की तुम्ही,” असे म्हणत त्याने लायटर काढला. मी त्याचा हात धरला.

भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेटण्याचे तापमान किमान ३५ अंश असले पाहिजे. म्हणजे मानकात बसणारे डिझेलसुद्धा सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीत त्या टोकाला पोहोचू शकते. शिवाय टाकीच्या दुमडलेल्या शिवणीत आणि गंजाच्या थरात मुरलेले डिझेल धुतल्याने पूर्ण निघत नाही. ज्योत लागली की तेच वाफ होऊन बाहेर येते, आणि त्या वाफेला फुटण्यासाठी रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही.

शेवटी मी छिद्रांची बाजू वर येईल अशी टाकी ठेवली, छिद्रांच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरले, पत्रा घासून चकचकीत केला आणि कल्हई लावून पत्र्याच्या ठिगळावर कथलाचा डाग दिला. तांब्याचा ठोकळा तापवण्याची शेगडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. टाकीजवळ ज्योत आणलीच नाही. डाग पूर्ण थंड झाल्यावर डागासाठी लावलेल्या आम्लाचा अंश राहू नये म्हणून तो पुन्हा धुतला, कॉकला नवी जाळी बसवली आणि हवा काढून इंजिन सुरू केले. त्याच संध्याकाळी भरलेली ट्रॉली चढावर न थांबता गेली.

बिल पाहून आबा म्हणाले, “पंपाचं समजतं मिस्त्री, पण नुसतं धुण्याचे एवढे?” मी त्यांना बादलीतला गाळ आणि पापुद्रे दाखवले, त्यांनी पैसे दिले, पण मनापासून नव्हे. वेल्डर मात्र अजून आपल्याच मतावर आहे. परवाही एक टाकी त्याने दुकानासमोर उन्हात उघडी ठेवली होती. मी जाऊन ती पाण्याने भरून दिली, आणि आता आवारातल्या नळाची नळी त्याच्या दुकानापर्यंत लांबवून घेणार आहे.