लांबलेल्या दुपारी

बालपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचा विषय निघाला की बहुतेक मंडळी सकाळ-संध्याकाळच्या गोष्टी सांगू लागतात. झाडावर कोण किती उंच चढले, कोण रडीचा डाव खेळले, फुटलेला गुडघा घरी कसा लपवला आणि अंधार पडला तरी खेळ आटोपेना तेव्हा कोणाच्या पाठीत धपाटा बसला, या आठवणींना चांगले कथानक असते आणि सांगता सांगता त्या दरवर्षी थोड्या रंगतही जातात. या दोन धामधुमींच्या मधोमध पसरलेल्या दुपारबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, कारण दुपारी काहीच घडत नसे. मला हल्ली असे वाटू लागले आहे की त्या सुट्ट्यांचा जीव खरे तर त्या काही न घडणाऱ्या दुपारींमध्येच होता.

ऊन उतरल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम निघे आणि खिडक्या लोटून घेतल्या जात. मोठी माणसे आडवी होत आणि थोड्याच वेळात घोरण्याची लय लागली की घरात जागी उरत ती फक्त आम्ही मुले. आवाज करायचा नाही, भांडायचे नाही, एकमेकांना हसवायचे तर मुळीच नाही. आणि झोप येत नसताना डोळे मिटून पडून राहण्याइतकी कठीण शिक्षा त्या वयात दुसरी नसते. घरातली पुस्तके पुन्हा पुन्हा वाचून झालेली, पत्त्यांतल्या राजाचा कोपरा फाटल्यामुळे तो पाठीवरूनच सर्वांना ओळखू येत असल्याने त्या डावातही राम उरलेला नाही, अशा स्थितीत कंटाळा हळूहळू अंगभर पसरत जाई. ‘कंटाळा आला’ अशी तक्रार करायला कोणी जागे नसे, हे आमचे भाग्यच म्हणायचे. कोणी जागे असते तर त्यांनी आम्हाला काहीतरी काम लावून दिले असते आणि सगळाच बेरंग झाला असता.

अशा वेळी हाती लागे तो कवडसा. बंद खिडकीच्या फळीत कुठेतरी भोक असायचेच आणि त्यातून आलेला उजेड जमिनीवर नाण्यासारखा पडलेला असायचा. कोणीतरी खडू आणून त्याच्याभोवती रेघ ओढी आणि मग आम्ही पालथे पडून, हनुवटी हातांवर टेकवून, त्याच्यावर पहारा ठेवत असू. आधी काहीच होत नसे. मग एका बाजूला रेघेच्या आत सावलीची बारीकशी कोर दिसू लागे, दुसऱ्या बाजूला उजेड रेघ ओलांडून बाहेर आलेला असे, आणि जरा वेळाने पाहावे तर खडूचे वर्तुळ रिकामे आणि कवडसा शेजारी जाऊन बसलेला. सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो आणि आपल्याला दिसणारी त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते. त्यामुळे स्वतःच्या रुंदीइतके अंतर तोडायला त्याला साधारण २ मिनिटे लागतात आणि कवडशालाही तेवढीच लागतात. हा हिशेब मला पुष्कळ पुढे कळला. तेव्हा एवढेच ठाऊक होते की घड्याळाचा तासकाटा जे चोरून करतो ते कवडसा आपल्या डोळ्यांदेखत करतो.

त्याहून मोठे कोडे होते त्याच्या आकाराचे. फळीतले भोक वाकडेतिकडे, चौकोनी, कसेही असले तरी कवडसा आपला गोल. ऊन तिरपे असेल तर फार तर थोडा लांबट. आमच्यातल्या थोरल्याचे मत असे होते की उजेड वाटेत घासला जातो आणि त्यामुळे त्याचे कोपरे झिजतात. या मतावर आज हसू येत असले, तरी ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या प्राचीन प्रश्नांमध्ये नेमका हाच प्रश्न विचारलेला आहे आणि योहानेस केप्लरने त्याची भूमितीच्या आधारे केलेली उकल छापली ती १६०४ मध्ये, हे पाहता थोरल्याला थोडी सवलत द्यायला हरकत नाही. तो गोल भोकाचा नसतोच, ते सूर्याचे चित्र असते. म्हणून तर खंडग्रास ग्रहण चालू असताना कवडशांच्याही कोरी होतात. म्हणजे ज्याच्या धाकाने आम्हाला दुपारभर घरात कोंडून ठेवलेले असे, त्याच सूर्याला आम्ही जमिनीवर खडूने आखत बसलेलो असू.

कवडशाकडे येणाऱ्या उजेडाच्या तिरक्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत असत. कोणी फुंकर मारली की त्यांची पळापळ होई आणि मग पुन्हा सारे सावकाश, जणू काही झालेच नाही अशा थाटात वर-खाली हिंडू लागत. प्राचीन भारतीय वजनमापांमध्ये जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारा हा कण, म्हणजे त्रसरेणू, हे सर्वांत पहिले माप मानलेले आहे. ज्याने ते ठरवले तोही कधीतरी, हाताशी काही काम नसल्यामुळे, अशाच एखाद्या पट्ट्याकडे बघत आडवा पडलेला असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही.

त्या सुट्ट्या इतक्या लांब का वाटत, याचे एक सोपे गणित आहे आणि ते पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्येच मांडले होते. कोणताही काळ आपल्याला सरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात लहान-मोठा वाटतो, असे त्याचे म्हणणे. त्या हिशेबाने दोन महिन्यांची सुट्टी दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा ६०वा भाग ठरते आणि पन्नाशीतल्या माणसाच्या आयुष्याचा ३००वा. शिवाय पहिल्या तीनेक वर्षांचे आपल्याला सहसा काही आठवत नाही. ती वजा केली तर मुलाचा हिस्सा ४२व्या भागापर्यंत जातो. गणित देखणे आहे, पण माझे त्याने पुरते समाधान होत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये दाखवून दिलेली गोष्ट मला अधिक पटते: भरगच्च काळ जाताना भुर्रकन जातो आणि मागे वळून पाहताना मोठा दिसतो, तर रिकामा काळ जाता जात नाही आणि नंतर मात्र आक्रसून जातो. आता अडचण अशी की आमच्या दुपारी जातानाही लांब होत्या आणि आज मागे वळून पाहतानाही लांबच दिसतात. त्या रिकाम्या असत्या तर एव्हाना पुसून जायला हव्या होत्या. मग मला वाटते की कंटाळ्यानेच त्या भरून काढल्या. करण्यासारखे काही नसल्यामुळे बघत बसावे लागे, आणि जे बघायचे ते सारे पहिल्यांदाच बघितले जात असे.

निश्चिंतीचे म्हणाल तर ती आठवणीत दिसते तेवढी प्रत्यक्षात नसावी. निकालाची धाकधूक होती, कट्टी होती, घामोळे होते, आणि भिंतीपलीकडून हळू आवाजात चाललेली मोठ्यांची पैशाची बोलणीही कानांवर येत, अर्थ लागत नसला तरी. वाईट आठवणींतला कडवटपणा चांगल्या आठवणींतल्या गोडीपेक्षा लवकर ओसरतो, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात; तेव्हा आपल्या सगळ्यांच्याच बालपणाला थोडी कल्हई झालेली असते हे धरून चालावे. पण कंटाळ्याच्या बाबतीत ही शंका मला येत नाही, कारण कंटाळा गोड करून आठवण्याची कोणाला हौस असणार? हल्लीच्या मुलांची सुट्टी शिबिरांनी आणि वर्गांनी काठोकाठ भरलेली असते आणि त्याचे खापर आपण मोबाइलवर फोडून मोकळे होतो. मुलांच्या मोकळ्या वेळाची धास्ती मुळात मोठ्यांनाच वाटते, असे माझे मत आहे. त्या काळी मोठ्यांना झोप लागत होती, एवढाच काय तो फरक.

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात सुट्टीवर निबंध लिहायला लागे. सगळ्यांच्या वह्यांत प्रवास, पाहुणे आणि पोहणे यांची रेलचेल असे आणि ज्याच्या वाट्याला यातले काहीच आलेले नसे तो शेजाऱ्याच्या प्रवासातले दोन दिवस उसने घेई. दुपारबद्दल कोणी एक ओळही लिहीत नसे. लिहायचे तरी काय होते, आणि त्याला गुण कोण देणार होते? मीही प्रवासाचेच लिहिले आणि पान भरेना तेव्हा शेवटी, ‘अशा प्रकारे सुट्टी मजेत गेली’ हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून खालच्या दोन ओळी व्यापून टाकल्या.