रेंज तुळशीपाशी

आमच्या राजापूरच्या घरात रेंज म्हणजे पाहुणी. जांभ्याच्या जाड भिंती, वर पत्रा. फोन वाजला की आई तुळशीपाशी धावायची.

या मे महिन्यात फोनच्या सेटिंगमध्ये शिरून सिग्नलचा आकडाच बघितला. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. माजघरात उणे ११८ डीबीएम, पडवीच्या खिडकीत उणे १०३, म्हणजे १५ डेसिबलचा फरक. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट होते, म्हणजे पंधरा पावलांत तीसपट फरक! स्क्रीनवरच्या दांड्यांवरून हे कळत नाही.

सिग्नल वाढवणारा बूस्टर घेणार होतो, पण विनापरवाना तो लावणं बेकायदा. घरात ब्रॉडबँड होतंच, मग वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन, चालू केलं. फुकटात काम झालं.

आई अजूनही तुळशीपाशीच जाते. माजघरात सगळे ऐकतात म्हणे.