वाळूज ते दुबई, आणि मधी एक पेटी

सलाम मंडळी. लय दिवसांनी लिहितोय, ओव्हरटाइम चालू होता.

गावाकडून पहिला प्रश्न ठरलेला असतोय, तिकडं चर्च असतंय का रे, मुसलमानांचा देश ना तो? असतंय बाबा, आणि पाय ठेवायला जागा नसती इतकं भरलेलं असतंय. इथल्या औद मेथा भागात एकाच कंपाउंडात कितीतरी हॉल आहेत आणि प्रत्येक हॉलचं टायमिंग वाटून दिलेलं, मल्याळी लोकं बाहेर पडतात की फिलिपिनो आत, त्यांच्यामागं तमिळ. १९६०च्या दशकात इथं चर्चसाठी तेव्हाचे दुबईचे राज्यकर्ते शेख राशिद यांनी जमीन दिलेली. हे कळलं तेव्हा मला आपलं बेथेल आठवलं, कारण जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं त्याची जमीनपण निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडूनच मिळालेली. माझा रूममेट पाकिस्तानातल्या सियालकोटचा आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणतो, मग भाडं कमी कर माझं.

राहतो अल कुसैसला, बेडस्पेसमधी, म्हणजे भाड्यानं नुसती एक कॉट. कॉटखाली ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. ग्रीन लाइन मेट्रो सरळ औद मेथाला जाते म्हणून बरंय, दोन्ही गुडघ्यांत कीबोर्ड धरून बसायचं, लोकं बघतात, बघू द्या. पूर्वी शुक्रवारीच सुट्टी असायची म्हणून मोठी उपासना शुक्रवारीच व्हायची, २०२२च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, पण आमच्या गोडाऊनची शिफ्ट काही सरकारला विचारून लागत नाही. त्यामुळं कधी शुक्रवार कधी रविवार, जे पदरात पडेल ते.

लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या बायबल वर्गात, बायबलातलं स्तोत्र १३७ पाठ करायला होतं, त्यात बाबेलला पकडून नेलेले लोक तिथल्या नद्यांजवळ वाळुंजाच्या झाडांवर वीणा टांगतात ना, मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे आपल्या वाळूज एमआयडीसीतच झालं असणार. नंतर त्याच वाळूजला दीड वर्ष प्रेस मशीनवर काम केलं आणि खरंच पेटी टांगून ठेवल्यासारखीच झाली होती, नाइट शिफ्ट करून कोण वाजवणार. म्हणजे माझी वीणा बाबेलात नाही, घरापासून तासाभरावर गप्प झाली होती. दुबईत येऊन परत बोलायला लागली, हे उलटंच झालं म्हणा.

इथं मी इंग्रजी उपासनेच्या टीममधी आहे. कानात इअरफोन आणि त्यात क्लिक, म्हणजे टिक टिक टिक सारखं चालू, मिनिटाला ७२ ठोके म्हटलं की ७२, माणूस रडायला लागला तरी ७२. वाईट नाही, हात साफ झाला माझा. पण आजा आठवतो. आजा आमच्या गावच्या चर्चमधी पेटी वाजवायचा, त्याचं एकच होतं, पेटी मंडळीच्या मागं चालली पाहिजे, पुढं पळाली की ती पेटी नाही बैल झाली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायांचा श्वास कुठं तुटतोय ते बघून भाता ओढायचा.

डिसेंबरात सगळ्या भाषांचा मिळून कार्यक्रम होता, मला म्हणले एक मराठी भजन घे. आपल्याकडं चर्चमधी अभंगाच्या चाली आहेत त्यात नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा, १८९५ला बाप्तिस्मा घेतला त्यांनी पण अभंग काही सोडला नाही, म्हणून तर गावाकडं वाचता न येणारी माणसंपण पुस्तकाशिवाय गातात. तर ड्रमरनं विचारलं स्पीड किती? मी म्हणलो, सुरुवातीला ८० असेल, शेवटी किती जाईल ते मंडळीच्या हातात. तो माझ्याकडं असा बघत बसला, जसं काही त्यानं पगार विचारला आणि मी सांगितला नाही. शेवटी क्लिक बंद केला. दोन ओळी सगळे चाचपडले, कोणाची टाळी पुढं कोणाची मागं, मला घाम फुटला. मग मी डावा हात उचलून घेतला, नुसता एक सूर धरून ठेवला आणि ऐकत बसलो. तिसऱ्या रांगेत केरळच्या एक काकू होत्या, शब्द एक माहीत नाही, पण टाळी बरोबर ठेक्यात. मी त्यांच्या मागं गेलो. ड्रमर माझ्या मागं आला. शेवटच्या कडव्याला काय स्पीड होता विचारू नका.

आता गर्व झाला की आपटतो माणूस. पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलमधी आमची मराठी प्रार्थना झाली, मी आळशी, काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरला की, बोटं नीट बसत नाहीत म्हणून ट्रान्सपोजचं बटण, ज्यानं अख्खा कीबोर्ड वरखाली सरकतो, ते एकनं वर करून ठेवतो. तसंच ठेवून दिलं. तासाभरानं इंग्रजी उपासना, गिटारवाला पांढरी पाचला आणि मी काळी चारला, म्हणजे त्याच्यापेक्षा एक पट्टी वर, चारशे माणसांसमोर. पहिल्या सुराला पाळकांनी डोळे उघडले. मी आवाजच बंद केला आणि दोन गाणी नुसती बोटं हलवली.

घरचे पाळकसाहेब अजून विचारतात, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ओळखलंस का, पाळक व्हायला सेमिनरीला कधी जातोस? मला अजून तसला आवाज काही आला नाही. गोडाऊनमधून सुटल्यावर अंगात त्राण नसतंय आणि तरी मी मेट्रोत कीबोर्ड धरून बसलेलो असतो, एवढंच मला माहितीय.

आजा गेल्यापासून गावची पेटी बंदच होती. आता शब्बाथ शाळेतली एक पोरगी शिकायलीय. व्हॉट्सॲप कॉल इथं चालत नाही, म्हणून मी चाली वाजवून व्हॉइस नोट पाठवतो, क्लिक न लावता. परवा तिचा मेसेज आला, दादा, ट्रान्सपोज काय असतंय? म्हणलं, आज्याच्या पेटीला ते बटणच नाही, तू सुखी आहेस.