वखारीतून थेट बांधावर: आमची वाटचाल

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात लाकडाची वखार टाकली, तेव्हा गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारायचं: साग कुठला, आणि घनफूट कितीला? बल्लारशाचा माल आला की वडील ओंडक्याच्या तोंडावर पाणी मारून गाभ्याचा रंग दाखवायचे. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेराचा, दहा फुटी ओंडका म्हणजे 10 घनफूट. हा हिशोब मी पाढ्यांबरोबरच शिकलो.

2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारात घाना, इक्वेडोरचा लागवडीचा साग दिसू लागला, तो आम्हीही विकला. त्याच सुमारास परदेशी फर्निचर पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे लाकूड तोडलं तिथे मागे काय राहिलं, याचा काही कागद आहे का?" माझ्याकडे बिल होतं, वाहतूक पास होता. याचं उत्तर नव्हतं. ऑर्डर गेली.

मग एफएससी, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, समजून घेतलं. जंगल जबाबदारीने राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी 1993 पासूनची ही संस्था. तिची प्रमाणपत्रं मुख्यतः दोन प्रकारची: एक जंगलाच्या व्यवस्थापनाचं, दुसरं लाकूड हातोहात जातं त्या साखळीचं. वखारीला दुसरं लागतं. पाच वर्षांची मुदत, दरवर्षी तपासणी. प्रमाणित मालाची थप्पी वेगळी, त्यावर पिवळा पट्टा, वही वेगळी. पहिल्याच वर्षी घाईत आमच्याकडून साध्या थप्पीतल्या दोन फळ्या प्रमाणित दारांच्या कामात गेल्या. संध्याकाळी वही जुळेना तेव्हा लक्षात आलं. त्या सगळ्या दारांवरचा 'प्रमाणित' हा दावा आम्ही काढून घेतला आणि गिऱ्हाइकाला फोन करून कारण सांगितलं. तेव्हापासून दोन्ही थप्प्यांच्या मध्ये भिंत आहे.

पण बाहेरून आणलेल्या प्रमाणित लाकडावर माझं समाधान होईना. आपल्याच जिल्ह्यात, वेल्हे-मुळशीकडे, शेतकऱ्यांच्या बांधावर साग उभा आहे, तो का नाही? तिकडे फिरलो तेव्हा खरी अडचण कळली. प्रमाणपत्राचा अगदी सुरुवातीचा प्रश्न असतो जमिनीवरच्या हक्काचा, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते. एका काकांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'खाजगी वन' अशी नोंद. 1975 च्या कायद्याने त्या वर्षीच्या 30 ऑगस्टपासून खाजगी वनं सरकारजमा झाली; काकांना नोंद दिसली ती कितीतरी वर्षांनी, कर्जासाठी उतारा काढताना. सागाला हात लावता येईना. मला म्हणाले, "शेठ, झाड माझं हाय का सरकारचं, ते आधी सांगा. माझं असंल तर लेकरावानी वाढवीन." नवीन रोपं त्यांनी लावलीच नाहीत.

जंगल राखणारा कायदा हवाच, डोंगर उघडे पडलेले मीही पाहिलेत. पण वन कायद्याखाली निव्वळ जुनी नोटीस निघाली होती म्हणून जमीन वन ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मुंबईकडच्या जमिनींच्या खटल्यात सांगितलं आहे. मग अशा नोंदी गावोगाव लवकर तपासून निकाली काढायला हव्यात. हक्क अधांतरी असलेला माणूस तीस-चाळीस वर्षांचं झाड कशाच्या भरवशावर लावील?

ज्यांचे उतारे स्वच्छ आहेत, अशा काही शेतकऱ्यांचा माल आम्ही आता घेतो. 1964 च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगी, झाडांची मोजदाद, ओंडक्यावर हातोड्याची निशाणी, वाहतूक पास, हे सगळं त्यांच्याबरोबर बसून करतो. वेळ जातो, पण एकही कागद आम्ही गाळत नाही. एकेकट्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून सगळ्यांचं मिळून गट प्रमाणपत्र घ्यायची तयारी चालू आहे. सरसकट तोड आम्ही घेत नाही. दाटीतली वाकडी, बारीक झाडं आधी काढायची, सरळ वाढणारी राखायची. तोड जमिनीलगत करायची, म्हणजे फुटवा जोमाने येतो.

पावसाळ्यात वेल्ह्याला गेलो तर उन्हाळ्यात तोडलेल्या बुंध्यांभोवती फुटव्यांची झुडपं झाली होती, पानं सुपाएवढी. मालक मावशींनी कोयता घेतला, एका बुंध्यावर सगळ्यात सरळ फुटवा तेवढा ठेवला, बाकीचे छाटले आणि शेळ्यांपासून वाचवायला भोवती काटेरी फांद्या रोवल्या. मग पुढच्या बुंध्याकडे वळल्या.