मॅडम, मी हजर होते

रविवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. घडलं म्हणाल तर काहीच नाही, एक मेल आलाय. चार शब्दांचा. "मॅडम, मी हजर होते."

मायना नाही, "कृपया विचार व्हावा" नाही, खाली नावसुद्धा नाही. रोल नंबर सतरा.

काल सकाळी दहाला आमच्या सायबर सुरक्षा कोर्सची मधली चाचणी होती. पोर्टलने ३८ पैकी एकीला गैरहजर दाखवलं आणि दुपारी माझ्या नावाने तिला आपोआप मेल गेला: आपण परीक्षेस गैरहजर होता, कारण २४ तासांत कळवावे. हा मजकूर माझाच, बॅच सुरू होताना घाईत लिहिलेला. आज वाचला तर तहसील कचेरीतली नोटीस वाटली.

आधी राग आला, खोटं कशाला लिहू. झालं, आता हिचंही कारण ऐका. रविवार, आईंच्या गुडघ्याला शेक द्यायचाय, उद्या वर रिपोर्ट जायचाय. आठ मार्चला बॅनरखाली उभं राहायला मुंबईहून माणसं येतात (बॅनरवर गुलाबी कुलूप असतं, सायबर सुरक्षा बायकांची म्हणून गुलाबी) आणि एक्सेलच्या रिकाम्या चौकटी भरायला मी. तीन वर्षं झाली. आमच्या घरात अजूनही कुणाला नीट सांगता येत नाही मी काय करते ते. "मुलींना कॉम्प्युटर शिकवते." जाऊ दे.

मग लॉग उघडला, पोर्टलवर कोण कधी आलं त्याची नोंद.

९:४१ ओटीपी मागितला. ९:४७ पुन्हा. ९:५३ पुन्हा. तीनदा मागून भरला नाही की खातं अर्धा तास बंद, म्हणजे १०:२३ पर्यंत. आणि उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडं सव्वादहापर्यंतच. शेवटची नोंद १०:२४. ही ओळ मी तीन-चारदा वाचली. कुलूप उघडल्याबरोबर पोरगी पुन्हा दारात उभी. म्हणजे मधला सगळा वेळ ती घड्याळाकडे बघत बसली असणार. आणि मी तिला गैरहजर म्हटलं. मी नाही, पोर्टलने. पण पोर्टलला कुणी सांगितलं?

संध्याकाळी फोन लावला. "थांबा हां, देतो," म्हणाला कुणीतरी. तिच्या नावापुढचा नंबर तिच्या दादाचा. दादा कुरकुंभच्या एमआयडीसीत, केमिकल प्लँटवर, फोन गेटवर जमा करावा लागतो. काल त्याची फर्स्ट शिफ्ट. तीनला सुटल्यावर त्याला चार ओटीपी एकदम दिसले आणि त्याने घरी फोन करून विचारलं, "काय गं, कुठं पैसे-बिसे भरलेस का?"

"सेकंड शिफ्ट असती तर जमलं असतं मॅडम," ती म्हणाली. माझी समजूत घातल्यासारखी.

आता हे पोर्टल. ओटीपीचा हट्ट माझा. मागच्या बॅचला दोघींनी एकमेकींचे पासवर्ड वापरले, तेव्हा मीटिंगमध्ये मीच तावातावाने बोलले होते की सायबर सुरक्षेचा कोर्स आणि आपल्याच दाराला एकच कडी, लोक हसतील. अ.ने तेव्हा विचारलं होतं, "सगळ्यांचे स्वतःचे नंबर असतील का गं?" मी म्हटलं, आजच्या काळात? आणि तिच्याकडे अशी बघितले की ती गप्प बसली.

यातली खरी गंमत अशी की निधीच्या प्रस्तावात आकडा मीच घातलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१: १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्के. केशरी रंगाचा गोल तक्ता, फार छान दिसत होता. पैसे मंजूर झाले. मग फॉर्ममध्ये 'विद्यार्थिनीचा मोबाइल' ही चौकट मीच लाल फुलीची केली, भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही अशी. भरला त्यांनी. कुणाचा का असेना, दहा आकडे भरले.

आज सगळ्यांचे नंबर फोनमध्ये घेऊन व्हॉट्सअॅपवर फोटो बघत बसले. खंडोबा. ट्रॅक्टर. बुलेटवर बसलेला मिशीवाला. एका हार्डवेअरच्या दुकानाची पाटी. मळवटाएवढं कुंकू लावलेल्या एक बाई, त्या बहुतेक आत्या. ३८ पैकी निदान अकरा तरी मुलींचे नाहीत. मी गेले दोन महिने खंडोबाला "हाय डिअर, लॅब विसरू नकोस" पाठवतेय.

तिसऱ्या आठवड्यात मी शिकवते की ओळख तीन गोष्टींनी पटते: तुम्हाला माहीत असलेलं काही, तुमच्याजवळ असलेलं काही, आणि तुम्ही स्वतः. दुसऱ्यासमोर फोनचं चित्र. चित्र बदलायला हवं. पण काय टाकू? त्याच तासाला मी हेही सांगते की एसएमएसने येणारा ओटीपी भरवशाचा नाही, सिम स्वॅप होतं, म्हणजे दुसराच कुणी आपल्या नंबराचं सिम काढून घेतो, अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालीच त्याला जपून वापरायच्या गोष्टींत टाकलंय. आणि पोर्टलला एसएमएसच, कारण पॅकेजमध्ये तो फुकट होता.

गैरहजर. शब्द तरी बघा कसा आहे. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मागच्या बाकावरून हळू आवाजात "हजर" म्हटलं की त्यांना ऐकू यायचं नाही. पण तेव्हा निदान उठून उभं राहता यायचं.

हिची निवडीची मुलाखत आठवते. चुलत्यांना मेसेज आला होता, मागचं बिल भरलं नाही म्हणून आज रात्री ९:३० ला वीज कापणार, अमुक नंबरावर फोन करा. चुलते अॅप डाउनलोड करायला बसलेच होते. हिने फोन ओढून घेतला. का, विचारलं, तर म्हणाली, "महावितरणचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही ना." तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: नजर आहे. हीच नजर हवी असते लॉग बघणाऱ्या माणसाला, बाकीचं शिकवता येतं.

हे लिहिताना खालचा खण उघडला. पेन शोधत होते म्हणू. त्यात बाबांचा बटणांचा फोन. माझ्या जुन्या बँकखात्याचा ओटीपी अजून त्याच नंबरावर येतो. चार वर्षं. व्हॅलिडिटी संपायच्या आत रिचार्ज मारते. नंबर बदलायचा फॉर्म बँकेतून दोनदा आणलाय. एकदा तर

असो. सायबर सुरक्षेच्या कार्यक्रम व्यवस्थापक. हसूच आलं.

फोनवरचं राहिलं. मी सॉरी म्हणत होते, मोठ्या माणसासारखं, पुनर्परीक्षा घेऊ वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तीन वेळा ओटीपी मागितला की खातं बंद होतं. पण मागायला फक्त रोल नंबर लागतो, पासवर्ड नंतर. मग परीक्षेच्या आधी मी कुणाचाही नंबर टाकून तिला बाहेर ठेवू शकते की. सगळ्या अडतीस जणींना." थोडं थांबून, "मी करून नाही बघितलं हं."

मी खुर्चीवर बसलेली उठून उभी राहिले. बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे! ज्यांनी पोर्टल केलं त्यांना दिसलं नाही, तपासून सही करणाऱ्या मला दिसलं नाही. हिला दाराबाहेर बसून दिसलं. अर्धा तास दुसरं बघायला होतंच काय.

मग अर्धा तास आम्ही तिच्यासाठी ऑथेंटिकेटर अॅप बसवत होतो. दादाचा जुना हँडसेट आहे, काच तडकलेली, सिम नाही, घरच्या वायफायवर गाणी ऐकायला ठेवलेला. "सिमशिवाय चालतं?" तिने दोनदा विचारलं. चालतं. गुपित फोनमध्येच राहतं, दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात, कुणी पाठवावे लागत नाहीत. पोर्टलमध्ये ही सोय पहिल्यापासून होती, सेटिंगमध्ये बंद. आकडे टाकले तर चुकीचे. परत चुकीचे. माझे हात गार. तिसऱ्यांदा टाकणार तेवढ्यात तीच म्हणाली, "थांबा, नाहीतर बंद पडेल. ह्याचं घड्याळ आठ मिनिटं मागे आहे." घड्याळ लावलं. आत गेली.

चाचणी बुधवारी चारला. ओटीपीचं कुलूप उद्या सकाळी काढायला सांगणार, आणि ते कुणी शोधलं त्या ओळीत तिचं नाव घालणार. रागावतील. रागावू देत. अ.ला फोन करायचाय. तेही उद्या.

हजेरीचा रकाना मात्र बदलेना. हजर, गैरहजर, उशिरा, एवढेच पर्याय, आणि परीक्षा संपली की तेही गोठतात. शेऱ्याला पन्नास अक्षरं मिळतात. लिहिलं: ९:४१ पासून हजर. मावलं.

बाबांचा फोन चार्जिंगला लावलाय. फॉर्मचं बघू, बुधवारनंतर.