आठ नंबर

मी सोळा वर्षं कोल्हापुरात फुटबॉल खेळलो, हाफला, म्हणजे मधल्या फळीत. शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ नावानं ओरडते, ते सुख भोगलंय. गुडघा गेला, मग प्रशिक्षकाचं लायसन्स काढलं. आता एका अकादमीसाठी पोरं हेरतो.

गेल्या हिवाळ्यात गांधी मैदानावर तेरा वर्षांखालच्या पोरांची चाचणी होती. मी गेलो होतो एका उंचापुऱ्या फॉरवर्डला बघायला. त्यानं दहा मिनिटांत दोन गोल ठोकले. त्याच्या नावापुढं खूण करतोय, तेवढ्यात मध्ये उभ्या एका बारक्या पोरावर नजर गेली. जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. चेंडू पार पलीकडं होता, आणि हे पोर आधी उजव्या, मग डाव्या खांद्यावरून मागं बघून घेत होतं. पास आला तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं. चेंडू लांबच्या पायानं घेतला, त्याच टचला तोंड समोरच्या गोलकडं, आणि पास उजव्या विंगरला मोकळ्यात.

फॉरवर्ड राहिला बाजूला. पुढची पंधरा मिनिटं मी त्या पोराची मानच बघत बसलो. न बघता त्यानं चेंडू फक्त दोनदा घेतला. ही सवय लावताना मोठ्या पोरांपुढं माझा घसा बसतो.

बरोबरच्या प्रशिक्षकांनी मात्र नावावर काट मारली होती. "सर, लई बारकं हाय. खांदा लागला की उडतंय."

खोटं नव्हतं. जन्मतारीख बघितली: २८ डिसेंबर. वयोगटाची रेघ १ जानेवारीला, म्हणजे जानेवारीतलं पोर याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं थोरलं. या वयात वर्षभरात पोरं केवढी वाढतात! आपण अंगाची वाढ बघून नावं घेतो आणि त्यालाच खेळ म्हणतो. मला याचा राग येतो. माझंही नाव एकदा असंच कटलं होतं. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच, तोही मधल्या फळीतलाच, १७२ सेंटिमीटरचा आहे, आणि २०१८चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, त्यानंच नेला.

मी अजून वीस मिनिटं मागून घेतली आणि त्याला मुद्दाम थोराड पोरांत टाकलं. सुरुवातीला दोनदा आपटलं. मग त्यानं चेंडू पायात ठेवणंच बंद केलं. खांदा यायच्या आत पास गेलेला असायचा.

शिट्टी झाल्यावर विचारलं, "मागं काय बघत हुतास रं?"

"त्यांचा लेफ्ट बॅक सारखा वर जातोय, सर. परत यायला टाइम लावतोय. म्हणून तितं पास टाकत हुतो."

हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी यादीत त्याचं नाव खाली नव्यानं लिहिलं, जागेच्या रकान्यात आठ नंबर, म्हणजे मधली फळी.

वडील शिरोलीच्या फौंड्रीतनं रात्रपाळी संपवून तसेच आले होते. कुंपणापाशी उभे. "उंची वाढंल न्हवं, सर?"

"ते माझ्या हातात न्हाई, दादा. उद्या सकाळी सातला परत घेऊन या."